हातोदची विटारा

इंदूरच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना हातोद काही लांब नाही. सुपर कॉरिडॉरवरून निघायचं, डोक्यावरून जाणारी नवी मेट्रो आणि आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे टाकायच्या, विमानतळाच्या कडेने गांधीनगर पार करायचं आणि देपालपूरच्या रस्त्याला लागायचं. थोड्या वेळाने प्लॉटच्या जाहिरातींचे फलक विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना माळव्याची काळी माती सुरू होते. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, लसूण, बटाटे. माझी आत्या लग्न होऊन इथे आली, त्यामुळे आमच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या या रस्त्यावर गेल्या.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या रविवारी आतेभावाचा फोन आला. "अरे, सकाळीच ये. गाडीचं काम काढायचंय. तू इंजिनिअर आहेस, जरा बघून सांग." मी संगणकाचा बीई. पण मंडळी, तुम्हाला माहीतच आहे, आपल्या घरांत इंजिनिअर म्हटलं की त्याला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर आणि चारचाकी सगळंच कळलं पाहिजे. पोहे-जिलेबी बांधून घेतली आणि निघालो.

गाडी म्हणजे अप्पांची ग्रँड विटारा. अप्पा म्हणजे आत्याचे यजमान. आज रस्त्यावर दिसते ती ग्रँड विटारा वेगळी, ती २०२२ मध्ये आली आणि भारतातच बनते. अप्पांची जुनी. २००९ पासून मारुतीने जी ग्रँड विटारा विकली ती जपानहून पूर्ण तयार होऊन जहाजाने यायची. २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, मागच्या दारावर टांगलेलं जादा चाक. किमतीत आयात शुल्क आलंच, म्हणून फार थोड्या विकल्या गेल्या. अप्पांनी ती दुसऱ्या हाताची घेतली, चंदेरी रंगाची. आजूबाजूच्या गावांत तशी दुसरी गाडी नव्हती, याचा त्यांना फार अभिमान. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी असते. आठवड्यातून एकदा दादा ती सुरू करतो.

चहा होताच दादाने कॅलेंडरचं मागचं पान पुढे केलं. गॅरेजवाल्याने हिशेब लिहून दिला होता. पुढचा भाग रेंज रोव्हरसारखा दिसेल असा फायबरचा सेट, बंपर, बोनट, जाळी आणि दिव्यांसह : १,६०,०००. टप कापून सनरूफ : ७५,०००. रुंद टायर आणि अलॉय चाकं : १,१०,०००. चंदेरीचा काळा मॅट रंग : ८५,०००. आतली सजावट : ६०,०००. एकूण ४,९०,०००. गाडी आहे तशी विकली तर अडीच लाख मिळतील, असं जुन्या गाड्यांच्या दलालाने सांगितलं होतं.

"एवढे पैसे?" मी विचारलं.

"अप्पांची गाडी आहे. गंजून जाण्यापेक्षा थाटात फिरेल," दादा म्हणाला. आत्या ओट्याजवळ भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही.

आम्ही गॅरेजवर गेलो. देपालपूर रस्त्यावरच दोन शटरचं गॅरेज. पुट्टी लावलेलं एक दार भिंतीला टेकवलेलं, बाजूला ट्रॉलीचं वेल्डिंग चाललेलं. डेंटर कसलेला माणूस. पत्र्यावर हात फिरवून सांगतो, इथे आधी काम झालंय. मी त्याला कायद्याचं विचारलं तर तो हसला. "भिया, हमारे यहाँ तो पूरे ट्रक की बॉडी बनती है. कार में क्या है?"

त्याचं म्हणणं मला तेव्हा पटण्यासारखं वाटलं, कारण आपल्या भागात ते डोळ्यांसमोर आहे. १९८६ च्या सुमारास आयशरने जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानाने पिथमपूरला कँटर ट्रक बनवायला सुरुवात केली. असे ट्रक पुष्कळदा नुसता सांगाडा म्हणजे चेसिस आणि पुढची केबिन एवढेच विकले जायचे. मागचा हौदा मालक आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यायचा : कोणाला कांद्यासाठी जाळीचा, कोणाला गुरांसाठी उंच फळ्यांचा. त्यामुळे इंजिन कंपनीचं आणि बॉडी आपली, ही समजूत इथे दोन पिढ्या मुरलेली आहे.

घरी येऊन मी मोटार वाहन कायदा उघडला. संगणकवाल्याला दुसरं काही नाही तरी कागदपत्रं नीट वाचायची सवय असते. तेव्हा डेंटरच्या बोलण्यात काय सुटलं होतं ते कळलं. ट्रकचा हौदा बांधला जातो तो पक्की नोंदणी होण्याआधी. चेसिसला तात्पुरती नोंदणी मिळते, बॉडी बांधली जाते, तिच्यासाठी ठरलेले नियम आहेत, आणि मग पूर्ण वाहन परिवहन कार्यालयात तपासून पक्की नोंदणी होते. म्हणजे बॉडी बांधणं कायद्याला मान्य आहेच. अप्पांच्या गाडीची नोंदणी मात्र २०१० मध्येच झालेली. नोंदणीनंतर काय करायचं याचं कलम वेगळं आहे. कलम ५२.

ते सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. राज्याच्या नियमांत सवलत असली तरी मूळ कायद्याविरुद्ध जाऊन गाडीचं मूळ स्वरूप बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली : असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

मग काहीच करता येत नाही का? येतं. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर चालवता येते, नोंद करून. रंग बदलता येतो, पण रंग प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो, म्हणून कार्यालयाची परवानगी आणि नवी नोंद लागते. अपंग व्यक्तीला चालवता यावी किंवा बसता यावं म्हणून गाडीत बदल करायला कायद्यात खास जागा ठेवली आहे, हे मला फार आवडलं. सीटचं कव्हर, गाण्यांची यंत्रणा याबद्दल कोणी विचारत नाही. पण पुढे लावलेले लोखंडी दांडे, ज्यांना आपण बुलबार म्हणतो, ते याच कलमाखाली येतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. आणि टप कापणं तर उघडच मोठा बदल.

दादाला कलमांत रस नव्हता. "पत्र्याचा एक तुकडा कापला तर काय बिघडतं, ते सांग." प्रश्न बरोबर होता. जुन्या जीपला खाली जाड लोखंडी चौकट असायची आणि वरची बॉडी बोल्टने बसवलेली. ती बॉडी काढली तरी गाडी चालायची. विटाराचं तसं नाही. तिच्यात शिडीसारखी चौकट बॉडीतच जोडून टाकलेली आहे, आणि टप, खांब, तळ हे सगळं मिळून भार पेलतं. गाडी उलटली तर माणसांना वाचवतात ते टप आणि खांब. टपात कापलेलं भोक फक्त रबराची पट्टी आणि सिलिकॉनने बंद होतं. कारखान्यात सनरूफची गाडी बनते तेव्हा भोकाभोवती जादा मजबुती दिलेली असते, ती गॅरेजात मिळत नाही. रुंद टायर वळताना कमानीला घासतात, बेअरिंगवर जोर येतो. फायबरच्या बंपरच्या मागे धक्का सोसणारा लोखंडी आडवा भाग काढून टाकला तर अडचण आणखी वाढते, कारण एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी यंत्रणा मूळ रचनेप्रमाणे जुळवलेली असते.

म्हणूनच कुठलंही नवं मॉडेल आधी तपासलं जातं. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या जुन्या संस्था. आणि तिसरी आपल्या शेजारी आहे, पिथमपूरजवळचं नॅट्रॅक्स. तिथली ११.३ किलोमीटरची वेगचाचणीची धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. डोंगरावरून पाहिली तर लंबगोल अंगठीसारखी दिसते. म्हणजे हातोदचा डेंटर ज्या जिल्ह्यात ट्रॉल्यांना वेल्डिंग करतो, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात गाडी रस्त्यावर आणण्याआधी कशी पारखायची याचं सगळं सामान आहे. फक्त एका मालकाच्या एका गाडीसाठी ती पारख परवडत नाही.

ज्या देशातून ही गाडी आली तिथे काय करतात, हे मी दादाला दाखवलं. जपानमध्ये टोयामाची मित्सुओका नावाची कंपनी आहे. ती साध्या निस्सानच्या, टोयोटाच्या गाड्यांवर स्वतःची बॉडी चढवते. १९९३ मध्ये तिने निस्सान मार्चवरून 'व्ह्यूट' काढली, जी जुन्या जग्वारसारखी दिसते. पण ती गाडी तयार होऊनच विक्रीला येते, नोंदणी त्याच रूपात होते. जपानी जुन्या गाड्या न्यूझीलंडला खूप जातात. तिथे मालकाने मोठा बदल केला तर नेमलेला तपासनीस तो बघतो, आणि पास झाला तर गाडीवर धातूची छोटी पाटी लागते. हौस तिकडेही आहेच. फक्त ती कोणाला तरी दाखवून घ्यावी लागते. भारतात जपानी जुन्या गाड्या फारशा का नाहीत, याचं कारणही कायद्यात आहे. आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही. अप्पांची गाडी नवी असताना कंपनीनेच आणली होती, म्हणून ती इथे होती.

दुपारी जेवण झाल्यावर आत्या म्हणाली, "चला, तलावावर जाऊ." हातोदच्या जवळच गंभीर नदीवर यशवंत सागर आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत बांधलेला, इंदूरला पाणी पुरवणारा. २०२२ मध्ये तो रामसर यादीत आला. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात, सारस इथे कायमचे. विटारा काढली. आत्या पुढे, मी मागे. गाडी उंच, आत्याचे गुडघे दुखतात, तिला चढायला दादाने लाकडी स्टूल ठेवलं. ते स्टूल अप्पांनीच केलेलं.

बांधावर बसलो तेव्हा दादा म्हणाला, "मग या महाराजांनी काय केलं? त्यांच्या गाड्या तर साऱ्या जगात गाजल्या." खरं आहे. याच यशवंतराव महाराजांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूझेनबर्ग एसजे मागवली. पण अमेरिकेतून आली ती चेसिस आणि इंजिन. बॉडी बनवली लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी. जगभरच्या हौशी लोकांना ती गाडी अजून माहीत आहे. म्हणजे आपल्याच राजाने परदेशी गाडीवर दुसरी बॉडी चढवली, असं दादाला म्हणायचं होतं.

मी म्हटलं, हो, पण तेव्हा गाड्या तशाच विकल्या जात. चौकट एकाकडून घ्यायची आणि बॉडी दुसऱ्याकडून बांधून घ्यायची, अगदी आपल्या ट्रकसारखी. ते काम गाडी नवी असतानाच व्हायचं आणि खालची चौकट स्वतःच सगळा भार घ्यायची. आज गाडी म्हणजेच बॉडी. दादा गप्प बसला. पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, ते कळलं नाही.

मग मी त्याला नोंदणीचं विचारलं. गाडीला नोव्हेंबरमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार. त्यानंतर खासगी गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. आणि ऑगस्ट २०२५ मधल्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या आयात गाडीला ते ८०,००० झालं. अप्पांच्या प्रमाणपत्रावर 'आयात' अशी नोंद आहे. राज्याचा कर वेगळा. तपासणीच्या वेळी गाडी आणि कागद शेजारी ठेवून बघतात. चंदेरीच्या जागी काळी, टपाला भोक, ही गाडी कागदाशी कशी जुळणार? चार लाख नव्वद हजार घालून आपण ४०,००० चं नूतनीकरणच धोक्यात घालणार. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे अपघातानंतर दावा नाकारायला आयतं कारण.

"बरं, आरसी दाखव," मी म्हटलं. दादाने हातमोज्यांच्या कप्प्यातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. मालकाच्या नावापुढे अप्पांचं नाव होतं.

अप्पा जाऊन दोन वर्षं झालेली. मालक गेल्यावर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची असते. विमाही अजून अप्पांच्याच नावाने भरला जात होता. दोन वर्षं दादा ती गाडी हातोद ते इंदूर चालवत होता. काही झालं असतं तर काय, याचा विचारही नको.

मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई नको म्हणाली."

आत्या पाण्याकडे बघत होती. "शेतीवर नाव चढलं तुझं," ती त्याला म्हणाली. "बँकेतून नाव काढलं. विजेच्या बिलावरून काढलं. एवढी एक जागा राहिली होती. म्हटलं, राहू दे."

त्यावर मला काही सुचलं नाही. दादालाही नाही. दुसऱ्या काठाला दोन सारस चालत होते, ते आम्ही बराच वेळ बघत बसलो. परतताना गाडीत आत्याच बोलली. "रंग बदलू नका. बाकी काय करायचं ते करा. आणि माझ्या नावावर करता येईल का ती?"

करता येते. मग आम्ही कामाची नवी यादी केली. आधी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र. विमा आत्याच्या नावावर. मग डेंटरकडे : गंज कापून पत्रा बसवायचा, पुट्टी कमीत कमी, रंग तोच चंदेरी. टायर नवे, पण मूळ मापाचे. सस्पेन्शनचे रबर बदलायचे, ब्रेक बघायचे. डेंटरने ७०,००० सांगितले, टायर वेगळे. त्याला वाईट वाटलं नाही. "सही है भिया, पुराना माल है, असली रखो," म्हणाला. गणपती त्याच गाडीतून आला, गंजासकट.

दिवाळीनंतर आम्ही गाडी घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो. हातोद शहराच्या एका टोकाला, हे कार्यालय दुसऱ्या टोकाला. अख्खं इंदूर ओलांडावं लागतं. चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले. रंग, इंजिन, आसनं सगळं कागदाशी जुळलं. शुल्क भरलं. काही दिवसांनी नवं कार्ड आलं, त्यावर आत्याचं नाव. खाली एक रकाना असतो, मालकाच्या पतीचं किंवा वडिलांचं नाव लिहायचा. तिथे अप्पा आहेत. आत्याने ते दोनदा वाचलं आणि कार्ड देवघराच्या खणात ठेवलं. गाडीत छायाप्रत असते. दादा म्हणतो की मूळ कार्ड मोबाईलमध्ये डिजिलॉकरला घे म्हणजे झालं.

रेंज रोव्हरचं तोंड त्याच्या मनातून पूर्ण गेलेलं नाही. मधूनच चित्रं पाठवतो. मी उत्तरात कलम ५२ पाठवतो.

घरात अशी जुनी गाडी असेल, आणि तिच्यावर पैसे घालायचा विचार चालला असेल, तर आपल्या तरुण मंडळींना एवढंच सांगावंसं वाटतं : गॅरेजात जाण्याआधी आरसी काढून बघा. रंग, आसनं, इंधन, वैधतेची तारीख आणि सगळ्यात आधी मालकाचं नाव. ते नाव हयात माणसाचं आहे ना, याची खात्री करा. अवघड वाटलं तरी ते काम पुढे ढकलू नका.

आणि हिवाळ्यात इंदूरला आलात तर यशवंत सागरवर जा. सकाळी लवकर निघा, वाटेत हातोदला पोहे खा. पत्र्याखाली चंदेरी विटारा दिसली आणि बाजूला लाकडी स्टूल असलं, तर ते आमचंच घर. आत्या चहा केल्याशिवाय सोडणार नाही.